मिसळणं कायद्याने होतं का? सिंगापूरचा घरांचा कोटा

टेकडीवरचा

सिंगापूरला येऊन चौदा वर्षं झाली. पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळून तीन वर्षं झाली की इथे जुना एचडीबी (सरकारी गृहनिर्माण मंडळाचा) फ्लॅट विकत घेता येतो, म्हणून मध्यंतरी घर शोधायला निघालो. एक मनासारखं मिळालं. अकरावा मजला, खाली बाजार, शाळा चालत सात मिनिटांवर. एजंटने मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, "या ब्लॉकमध्ये इंडियन कोटा फुल. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला परत बघू." म्हटलं, थापा मारतोय. थापा नव्हत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे पाचातली जवळपास चार माणसं सरकारी एचडीबी इमारतींत राहतात. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत आणि वस्तीत कुठल्या वंशाची किती घरं असावीत याची कमाल मर्यादा आहे. इमारतीपुरतं बोलायचं तर चिनी ८७ टक्के, मलय २५, भारतीय आणि इतर १५ (हा आकडा २०१० मध्ये वाढवला, आधी १३ होता). मराठी, तमिळ, सिंधी सगळे एकाच खान्यात. विकणारा भारतीय असता तर ते घर मला मिळालं असतं, पण तो चिनी होता.

हे कशासाठी? १९६४ च्या जुलैत पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, माणसं मेली. पुढे ऐंशीच्या दशकात बेडोक, टॅम्पिनीसकडे मलय आणि हौगांगकडे चिनी एकवटायला लागलेत हे दिसलं, आणि सरकारने लगाम घातला. मलय म्हणजे इथे जवळजवळ सगळेच मुसलमान.

माझं घर हुकलं तरी मी या कोट्याच्या बाजूने आहे. शेवटी घेतलं त्या इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावर (व्हॉइड डेक म्हणतात) एका आठवड्यात मी चिनी अंत्यविधीचा मांडव पाहिला आणि तो उठल्यावर त्याच जागी मलय लग्नाची बिर्याणी. समोरच्या मलय आजी ईदला कुएह पाठवतात, आमच्याकडून दिवाळीत करंज्या जातात. आजी पहिल्या वर्षी डबा हातात धरून इतकंच विचारायच्या, "तूप की डालडा?" डालडा म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे. फ्रान्सने २००४ मध्ये शाळेतल्या हिजाबवर कायदा केला, इथे पत्त्यावर केला. मला दुसरा शहाणपणाचा वाटतो. आपोआप कुणी मिसळत नाही हो, माणूस आपल्या माणसांकडेच सरकतो. मतं येऊ द्या.

खडूसकाका

करंज्या गोड आहेत, पण श्रेय चुकीच्या ठिकाणी देताय. सिंगापूरमध्ये शांतता आहे ती काठीमुळे. १९९० चा धार्मिक सलोख्याचा कायदा वाचा, धर्मोपदेशकाच्या भाषणावर मंत्री बंदी घालू शकतो. शुक्रवारचं प्रवचन मुइस नावाच्या सरकारी इस्लामी मंडळाकडून लिहून येतं आणि सगळ्या मशिदींत तेच वाचलं जातं. भोंग्यांची तोंडं सत्तरच्या दशकातच आत वळवली. आपल्याकडे यातलं एक करून दाखवा, मग कोट्याचं बोलू.

निशिगंधा

काका, अर्धंच सांगितलंत. त्याच सरकारने मुसलमानांसाठी वेगळा कौटुंबिक कायदा ठेवलाय, १९६६ पासून, शरिया न्यायालयासकट. काझीच्या परवानगीने दुसरं लग्नही चालतं. १९७५ पासून मुसलमान नोकरदारांच्या पगारातून मशीद बांधणीची वर्गणी कापली जाते, म्हणजे नव्या वसाहतीत मशीद कुठे उभी राहणार हेही नियोजनातच आलं. तुम्हाला ही काठी हवी असेल तर हेही घ्यावं लागेल. घेताय?

मी कोपनहेगनला असते. इथे डेन्मार्कमध्ये सिंगापूरच्या कोट्याचा धाकटा, तिरसट भाऊ आहे. २०१८ चा कायदा. ज्या ना-नफा संस्थांच्या भाड्याच्या वस्तीत निम्म्याहून जास्त लोक 'बिगर-पाश्चिमात्य' मुळाचे आणि शिवाय बेकारी, शिक्षण, गुन्हे यांचे आकडे वाईट, तिला चक्क 'घेट्टो' म्हणायचे. शब्द फार टोचायला लागल्यावर तो बदलून 'समांतर समाज' केला. काही वर्षं यादीत राहिली की तिथली भाड्याची कौटुंबिक घरं २०३० पर्यंत ४० टक्क्यांवर आणायची. बाकीची पाडा किंवा विका. म्योलनरपार्केन नावाच्या वस्तीतले भाडेकरू याविरुद्ध कोर्टात गेले. गंमत बघा, मी भारतीय, म्हणजे कागदावर मीही 'बिगर-पाश्चिमात्य'. माझ्या पगारामुळे मला कुणी हलवत नाही. पण जिचा जन्म इथला, शाळा इथली, भाषा अस्सल डॅनिश, तीही आईवडिलांच्या गावामुळे त्या मोजणीत येते.

हर्णैकर

मी कोकणी मुसलमान. आडनाव खोत. हे आडनाव फार उपयोगी आहे, फोनवर एजंट एकदम गोड बोलतो. "खोतसाहेब, कधी बघायला येताय?" पुण्यात दोन वर्षांपूर्वी एका जागेसाठी टोकन घेऊन गेलो. मालकाने चहा मागवला, मग फॉर्म भरायला पहिलं नाव विचारलं. चहा आला, पण मालक आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. एजंटच म्हणाला, "सोसायटीचा इश्यू आहे, तुम्ही समजून घ्या." मी समजून घेऊन घेऊन आता पन्नाशीला आलोय.

तेव्हा 'मुसलमान मिसळत का नाहीत' हा प्रश्न मला विचारू नका, त्या चहाच्या कपाला विचारा. ब्याण्णव-त्र्याण्णवनंतर मुंबईतली किती घरं मुंब्र्याला गेली? हौसेने नाही गेली.

आणि टेकडीवरचे साहेब, तुमच्या कोट्याचं बिल कोण भरतं ते लिहायचं राहिलं. चिनी मर्यादा भरलेल्या इमारतीत मलय किंवा भारतीय माणसाला घर विकायचं असेल तर चिनी गिऱ्हाईक चालत नाही. उरलेलं गिऱ्हाईक मूठभर, मग भाव पाडून विका. ही तक्रार इतकी वाढली की २०२२ मध्ये सरकारला अशी अडकलेली घरं स्वतः परत विकत घ्यायची सोय करावी लागली. म्हणजे एकोपा सगळ्यांचा, तोटा अल्पसंख्याकांचा.

आणखी एक. आमच्या गावात मोहल्ला वेगळा आणि वाडी वेगळी, पूर्वीपासून. तरी बंदरावर बोट, बर्फ, लिलाव सगळं एकत्र. मोहल्ला म्हणजे नुसती भीती नसते. मशीद जवळ, खाटीक जवळ, आईची मैत्रीण समोर. हे मोडून मला कुठल्यातरी टॉवरच्या सतराव्या मजल्यावर 'पंचवीस टक्क्यांतला एक' म्हणून बसवण्यात माझं भलं आहे असं कुणी परस्पर ठरवू नये.

खडूसकाका

हर्णैकर, चहाची गोष्ट वाईट आहे, मान्य. पण बंदरावरचा लिलाव म्हणजे व्यवहार. एकात्मता म्हणजे मुलीने कुणाशी लग्न केलं तरी मोहल्ल्यात राहता येणं. ते आहे का?

हर्णैकर

नाही. तुमच्या आळीत आहे?

पाटावरवंटा

(मध्येच घुसतोय.) आपल्या देशात तर उलटा कायदा आहे. गुजरातमधला अशांत धारा, १९९१. घोषित भागात एका धर्माच्या माणसाने दुसऱ्या धर्माच्या माणसाला घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी. हेतू काय, तर दंगलीनंतर कुणी घाबरून मातीमोल भावाने घर विकू नये. प्रत्यक्षात काय, तर अहमदाबादच्या जुहापुऱ्यातला मुसलमान जुहापुऱ्यात आणि पालडीतला हिंदू पालडीत. शिवाय २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहकारी सोसायटीला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवता येतं. सिंगापूरचा कोटा आपल्या दारात आणाल तर पहिली याचिका बहुसंख्याकांच्याच सोसायट्यांची येईल.

टेकडीवरचे, एक खाजगी प्रश्न. मागे एका धाग्यावर तुम्ही बाणेरच्या फ्लॅटचं भाडं वेळेवर येत नाही म्हणून रडला होतात. तो फ्लॅट कुणाला दिलाय? आणि देताना एजंटला काय सांगितलं होतं?

निशिगंधा

पाटावरवंटा, हा वैयक्तिक हल्ला वाटतो हं. पण उत्तर मलाही ऐकायचंय.

सिंगापूरबद्दल एक राहिलं. सरकारी दवाखान्यातल्या मुसलमान नर्सेसना डोक्याला रुमाल बांधून काम करायची परवानगी कधी मिळाली? नोव्हेंबर २०२१. तोवर शेजार एक होता, लिफ्ट एक होती, करंज्याही जात होत्या. फक्त गणवेशात तिच्यासाठी जागा नव्हती. मला स्वतःला डोकं झाकणं पटत नाही, आमच्या आजीच्या डोक्यावरचा पदर उतरायला दोन पिढ्या गेल्या. पण तो उतरला तो आजीच्या सुनांच्या हाताने, मेट्रनच्या हुकमाने नव्हे.

टेकडीवरचा

दोन दिवस उत्तर दिलं नाही, मुद्दामच.

हर्णैकरांचा बिलाचा मुद्दा मान्य. मी तो लिहिला नाही कारण मला विकायचं नव्हतं, घ्यायचं होतं. निशिगंधा, नर्सचं समोरच्या आजींना विचारलं. त्यांची भाची नर्स आहे. आजी म्हणाल्या, ड्यूटी संपली की ती लॉकरमधला रुमाल काढून बांधायची आणि मग बस पकडायची. हे मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं. म्हणजे शेजार आहे, विचारपूस नाही, असं कुणी म्हणालं तर गप्प बसेन. तरीही कोटा नसता तर आजी समोर नसत्या आणि आज विचारायलाही कुणी नसतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

आता बाणेर. एजंटने फोनवर विचारलं होतं, "सर, फॅमिली, व्हेज, बाकी तुम्हाला माहितीच आहे, तसंच लिहू ना?" मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, लिहा. 'बाकी' म्हणजे काय ते मला माहीत होतं.

भाडेकरार मार्चअखेर संपतो. हर्णैकर, अजून पुण्यात जागा शोधताय का? असाल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. सोसायटीचा सेक्रेटरी काय म्हणेल ते मला माहीत आहे. तेव्हा मी काय म्हणेन ते अजून माहीत नाही.

हर्णैकर

जागा मिळाली हो, कोंढव्यात. आमच्यातच. पण लेक पुढच्या वर्षी बाणेरच्या कंपनीत लागतेय. व्यनि करतो. भाडं किती?