'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट'ला मराठी शब्द हवाय ('सौम्य स्मृतिभ्रंश' नको)

आईचं वय ७४, सातवीपर्यंत शिकलेली. गेल्या महिन्यात तिची स्मरण, लक्ष, भाषा तपासणारी ३० मार्कांची मोका टेस्ट झाली, २२ पडले (शिक्षण १२ वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर १ मार्क वाढवून देतात, तो धरून, आणि २६ किंवा त्याहून जास्त पडले तर नॉर्मल समजतात) आणि डॉक्टरांनी रिपोर्टवर माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट लिहिलं. सोबत एक मराठी पत्रक मिळालं त्यात ह्याच गोष्टीला 'सौम्य स्मृतिभ्रंश' छापलंय. आईने ते चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घालून पोथीत ठेवलं आणि त्या गुरुवारपासून भजनाला जाणं बंद केलं. 'भ्रंश झालेल्या बाईने चारचौघींत कशाला बसायचं' म्हणाली. मला रडूच आलं.

मुळात तो शब्द चुकीचा आहे असं माझं म्हणणं आहे. स्मृतिभ्रंश आपण डिमेन्शियासाठी वापरतो, मग सौम्य स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शियाची सुरुवातीची पायरी झाली, आणि आईला ते नाहीये. तिच्या अवस्थेत टेस्टमध्ये घसरण दिसते पण माणूस आपले रोजचे व्यवहार आपण करत असतो. दूधवाल्याचा हिशोब अजून तिच्याकडेच आहे, परवा त्याने दोन लिटर जास्त लावलेले तिनेच पकडले. ह्यातल्या काहींना पुढे डिमेन्शिया होतो, काही आहे तिथेच राहतात, काही तर सुधारतात सुद्धा. शिवाय ह्यात फक्त स्मृतीच जाते असंही नाही, कुणाला ऐनवेळी शब्द सापडत नाही, कुणाचं लक्ष टिकत नाही. मग 'स्मृति' पण नको आणि 'भ्रंश' तर नकोच. तुम्ही लोक काय वापरता?

---

ताई, भ्रंश म्हणजे ढळणं, घसरून खाली पडणं. स्मृतिभ्रंश हा शब्द थेट गीतेत आहे, दुसऱ्या अध्यायात ६३ वा श्लोक, 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो बुद्धिनाशात्प्रणश्यति'. पण तिथे सुरुवात क्रोधापासून आहे, क्रोधातून संमोह, त्यातून स्मृती ढळते, आणि शेवटी माणसाचा नाश. म्हणजे तिथे तो माणसाच्या स्वतःच्या चुकीचा परिणाम आहे, आजार नाही. तुमच्या आई पोथी वाचणाऱ्या, त्यांना तो शब्द आपल्यापेक्षा जास्त टोचला असणार.

आणि शब्द बदलता येतो बरं का. जपानमध्ये डिमेन्शियाला 'चिहो' म्हणायचे, त्यातल्या दोन्ही अक्षरांचा अर्थ मूर्ख, मठ्ठ असा. २००४ मध्ये सरकारने तो काढून 'निन्चिशो' आणला, निन्ची म्हणजे जाणणं. आता तिकडे तोच शब्द रुळलाय.

---

मी ह्या टेस्ट घेते म्हणून थोडं लिहिते. मला 'परीक्षा' ह्या शब्दाचा जास्त त्रास होतो. घरचे आजीला आणतानाच सांगतात की तुझी परीक्षा आहे, मग आजी घाबरून बसतात, आणि बाहेर पडल्यावर पहिला प्रश्न, पास का नापास. मी आता 'चाळणी' म्हणते. पीठ चाळतो तसं. वर जे राहतं ते लगेच टाकून देत नाही आपण, हातात घेऊन बघतो. तसंच मार्क कमी आले तर बी १२ बघायचं, थायरॉइड बघायचं, डिप्रेशन आहे का, ऐकू नीट येतं का (टेस्टमधले पाच शब्द ऐकूच आले नाहीत तर पाच मिनिटांनी आठवणार कुठून), घरच्यांशी बोलायचं की दोन वर्षांपूर्वी काय करायचे आणि आता काय जमत नाही, आणि मग निदान. चाळणी वेगळी, निदान वेगळं, हे दोन शब्द तरी कुणी एकमेकांच्या जागी वापरू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भाषेचा प्रश्न टेस्टच्या आतही आहे. १९७५ पासून चालत आलेली एमएमएसई ही मोकासारखीच दुसरी टेस्ट घ्या, त्यात इंग्रजी 'वर्ल्ड'चं स्पेलिंग उलटं सांगायचं असतं. मराठीत 'वारा' उलटा सांग म्हटलं तर तो काना व चा का र चा? मोकामध्ये एका अक्षराने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगायचे, समजा 'क' दिला तर किल्ली, कोथिंबीर धरायचे की नाही, आजी विचारतातच, 'बाराखडीतला कुठला क?' आणि तारीख! एक आजी मला म्हणाल्या तारीख काय ते ठाऊक नाही, पण आज एकादशी, सकाळीच साबुदाणा भिजवलाय. एकादशी बरोबर होती. फॉर्मप्रमाणे मार्क शून्य. मी शेजारी पेन्सिलीने 'तिथी अचूक' लिहून ठेवलं.

ह्यासाठीच १९९५ मध्ये हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांतल्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी एमएमएसईचं हिंदी रूप केलं. वाचायला लावण्याऐवजी माझ्याकडे बघ आणि मी करते तसं कर, वाक्य लिहायला लावण्याऐवजी तुझ्या घराबद्दल काहीतरी सांग. नुसता अनुवाद नाही केला, प्रश्नच नवे घडवले.

---

आमच्याकडे एकच शब्द होता, म्हातारचळ. आणि वर 'साठी बुद्धी नाठी' आहेच, नाठी म्हणजे नष्ट झाली. माझ्या आजीला चार वर्षं सगळे हेच म्हणत राहिले, ती चुलीवर रिकामं पातेलं ठेवायची तेव्हासुद्धा. वय झालं की चळायचंच असं एकदा ठरलं की दवाखान्यात कोण नेतो? ताई, तुमच्या आईला तुम्ही वेळेत नेलंत हे फार चांगलं केलंत.

शब्द सुचवायचा तर 'बोधक्षमतेत सौम्य घट'?

---

सगळ्यांचे मनापासून आभार, दादा तुमच्या आजीचं वाचून पोटात तुटलं. 'बोधक्षमतेत सौम्य घट' रिपोर्टसाठी बरोबर वाटतो, तिन्ही शब्द खरे आहेत. 'आकलन' मी आधी विचार केला होता पण ते समजण्यापुरतंच होतं, आणि 'संज्ञानात्मक दुर्बलता' आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली मला अशक्तपणा नाहीये.

पण घरात बोलायला ते नाही चालणार. चाळणीचं मात्र आईला लगेच पटलं. एवढंच विचारलं की परत कधी चाळणार, मी म्हटलं सहा महिन्यांनी, तर उठून कॅलेंडरवर त्या महिन्यात खूण करून आली. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं काढायला सांगितलं तेव्हा तिचा काटा १० वर गेला होता, ते तिला अजून लागून राहिलंय, म्हणते 'सव्वाअकरा म्हणाले असते तर काढलं असतं'.

मी त्या पत्रकावरचा 'सौम्य स्मृतिभ्रंश' पेनने खोडून वर 'विसर वाढलाय, व्यवहार शाबूत' असं लिहिलंय आणि ते परत पोथीत ठेवलंय. ह्याहून नेटका दोन शब्दांत बसणारा कुणाला सुचला तर नक्की लिहा.