निवारागृहासाठी निधी उभा करताना : तुमचे अनुभव लिहा

प्राजक्तसडा :
परवा आमच्या संकुलात भोंडल्यानंतर, घरातल्या मारहाणीमुळे घर सोडलेल्या स्त्रियांच्या निवारागृहासाठी देणगीचा डबा फिरला आणि पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडल्याचे जुने दिवस आठवले. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला. पीडितेने स्वतः किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केल्यास अधिसूचित निवारागृहाने तिला आसरा दिलाच पाहिजे, असे त्याचे सहावे कलम सांगते. मात्र रात्रपाळीच्या ताईंचा पगार कोठून आणायचा, हा प्रश्न आमच्यापुरता उरलाच. त्यातून ‘आधी जागा दाखवा, मग देणगी देऊ’ असे म्हणणाऱ्यांना पत्ता गुप्त ठेवण्याचे कारण समजावण्यातच संध्याकाळ सरत असे.

हिशेबनीस :
मी अशा एका संस्थेचे हिशेब पाहतो. पंख्यासाठी देणगी लगेच मिळते, कारण त्याच्या पात्यावर नाव घालता येते. वीजबिलावर ते घालता येत नाही. दोन हजारांहून अधिक रक्कम रोख दिल्यास प्राप्तिकरातील ‘८० जी’ची सवलत मिळत नाही, हे सांगितले की काही दाते चेक देतात आणि काही विषयच बदलतात.

चहाबाज :
पंखा फिरू लागला की पात्यावरचे नाव वाचता येत नाही, हे कोणाच्याच लक्षात येत नाही का?

सातासमुद्रापार :
न्यू जर्सीतून लिहीत आहे. गणेशोत्सवात आम्ही पुण्याच्या एका संस्थेसाठी निधी जमवला. परंतु तिच्याकडे परदेशी देणगी घेण्याची नोंदणी नव्हती आणि आता असे पैसे प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावे लागतात. शेवटी तो निधी आम्ही येथील निवारागृहाला दिला. १९८५पासून ‘मानवी’ ही संस्था येथे दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करत आहे, हे आमच्यापैकी अनेकांना तेव्हाच कळले.

भाजणीवाली :
आमच्याकडे निवारागृहातील भगिनी दिवाळीत चकल्या करून विकतात. गेल्या वर्षी एका मोठ्या ग्राहकाने पाकिटावर त्यांचे छायाचित्र छापण्याचा आग्रह धरला. आम्ही ती ऑर्डरच सोडून दिली.

चहाबाज :
योग्य केलेत. चकल्या घरपोच मिळतात का?

उंबरठा_ओलांडून :
मी अशा घरात राहिले आहे. देणगीदारांच्या कार्यक्रमात आम्हाला पहिल्या रांगेत बसवून ‘या आपल्या पीडित भगिनी’ अशी ओळख करून दिली गेली, तेव्हा मी मुलाच्या डोक्यावर पदर ओढून घेतला होता. साड्या गठ्ठ्याने येत, त्यांवरचे ब्लाउज मात्र नसत. मला हवे होते ते तारखेला न्यायालयात जाण्याचे रिक्षाभाडे, कागदपत्रांच्या झेरॉक्सचे पैसे आणि मुलाचा शाळेचा दाखला आणण्यासाठी सोबत.

प्राजक्तसडा :
ताई, आपण हे लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या डब्याच्या पैशांतून पडदे घेण्याचे ठरत होते. आज रात्री समितीपुढे रिक्षाभाड्याचा विषय मांडते.

हिशेबनीस :
विधवांसाठीचे शारदा सदन १८८९मध्ये मुंबईत सुरू होण्यापूर्वीच, पंडिता रमाबाईंसाठी बोस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली होती. आम्हाला एका वर्षाची हमीही मिळत नाही. म्हणून मी हल्ली एकरकमी पाच हजारांऐवजी बँकेतून दरमहा आपोआप जाणारे तीनशे रुपये मागतो. होकार कमी येतात, परंतु पगार वेळेवर होतात.

भाजणीवाली :
चहाबाज, घरपोच मिळतात. पैसे आगाऊ द्यावे लागतील.