मदत हवी आहे: व्हीएस कोडमध्ये बिझनेस सेंट्रलचे सिम्बॉल्स उतरत नाहीत

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलसाठी बिझनेस सेंट्रलचं (मायक्रोसॉफ्टचं हिशेब-खरेदी-विक्रीचं सॉफ्टवेअर) छोटं एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लिहितोय. तुरीच्या खरेदी पावतीवर ओलाव्याची टक्केवारी टाकायला एक रकाना हवाय, एवढंच. सर्व्हर मिलच्या ऑफिसातच आहे, क्लाउडवर नाही.

व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) आणि त्यात एएल लँग्वेज (बिझनेस सेंट्रलच्या प्रोग्रामिंग भाषेची जोड) टाकून झालं, प्रोजेक्टही तयार झाला. पण 'डाउनलोड सिम्बॉल्स' (मूळ टेबलं-रकान्यांची माहिती असलेल्या फाइल्स सर्व्हरवरून उतरवणं) केलं की ४०१, अनऑथराइज्ड, म्हणजे लॉगिन नाकारल्याचा एरर. त्यामुळे टेबलएक्स्टेन्शनच्या पहिल्याच ओळीत 'पर्चेस लाइन'खाली लाल रेघ.

सर्व्हरवर डेव्हलपर एंडपॉइंट (व्हीएस कोड जिथे जोडतो ती सेवा) चालू आहे, फायरवॉलमध्ये ७०४९ पोर्ट उघडलाय, लाँच डॉट जेसन या जोडणीच्या सेटिंग फाइलमधलं इन्स्टन्सचं (सर्व्हरवर चालणारी बिझनेस सेंट्रलची सेवा) नाव दोनदा ताडून पाहिलं. माझ्या मते घोळ लॉगिनचा आहे: सर्व्हर विंडोज ऑथेंटिकेशनवर (विंडोजच्या खात्यानेच लॉगिन), आणि माझा लॅपटॉप मिलच्या डोमेनमध्ये, म्हणजे त्यांच्या विंडोज खात्यांच्या नेटवर्कमध्ये, नाही. त्याच सेटिंग फाइलमध्ये लॉगिनचा प्रकार म्हणून युजरपासवर्ड लिहून पाहिलं, सर्व्हर ते घेत नाही.

चालू इन्स्टन्सची सेटिंग बदलता येणार नाही. वजनकाट्यापासून हिशेबापर्यंत सगळे दिवसभर त्याच्यावर असतात, आणि आवकेच्या दिवसांत तो दहा मिनिटं बंद ठेवणंही मला पटत नाही. चाचणीसाठी डेटाबेसची वेगळी प्रत मात्र आहे, सर्व्हरवर ॲडमिन हक्कही आहेत.

त्याच मशीनवर त्या प्रतीसाठी वेगळ्या पोर्टांवर, युजरनेम-पासवर्डवाला दुसरा इन्स्टन्स उभा केला तर चालू इन्स्टन्सला धक्का लागेल का? की इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमधल्या सिम्बॉल फाइल्स प्रोजेक्टच्या एएलपॅकेजेस फोल्डरमध्ये हाताने टाकून, तयार ॲप पॉवरशेलने (विंडोजच्या कमांड्सने) सर्व्हरवर पब्लिश केलं तरी भागेल?