तारांमुळे दातांची मुळं झिजली, अल्ट्रासाउंडचं यंत्र घ्यावं का?

नीलिमा_कोथरूड: वय ३१. वरच्या दातांना तारा आहेत. परवाच्या एक्स-रेत पुढच्या दोन दातांची मुळं टोकाशी आखूड दिसली. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिने ओढ देणं थांबवू. मंद अल्ट्रासाउंडने मुळं भरून येतात असं वाचलं. घरी वापरायचं यंत्र कुणी घेतलंय का? बजेट ८,००० रुपये, कृपया त्यातच सुचवा.

गुडघेदुखी_गेली: मी फिजिओवाल्यांचं १ मेगाहर्ट्झचं घेतलं, १९,००० ला. थोडे जास्त टाका पण दणकट घ्या. जेल लावून फिरवतो, आता पर्वती चढतो. गालावरही चालेल की.

सदाशिव_पेठी: उतरता कसे तेही सांगा. बाकी अल्ट्रासाउंडपासून लांब राहा. दात साफ करून घेतले आणि खालच्या दातांत फटी पडल्या.

दंतमंजन: फटी आधीपासूनच असणार काका, त्यात किटण बसलं होतं. ते स्केलर वेगळं, त्याचं टोक साधारण २५-३० किलोहर्ट्झने थरथरून किटण फोडतं. ताई विचारतायत ते मंद अल्ट्रासाउंड, म्हणजे लायपस: १.५ मेगाहर्ट्झ, चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट, तेही तुटक झटक्यांत, रोज २० मिनिटं. ऊब जाणवतसुद्धा नाही. त्या हलक्या दाबाने मुळावरचा थर बनवणाऱ्या पेशी जाग्या होतात असं मानतात. फिजिओचं यंत्र १ वॅटच्या आसपास, म्हणजे तीसपट. जबड्यावर अजिबात नको.

एडमंटनचा_अण्णा: अहो, हे आमच्या गावचं संशोधन! कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातले तारेक एल-बियाली. २००४ चा प्रयोग: १२ जण, एका बाजूच्या उपदाढेला अल्ट्रासाउंड, दुसरी तशीच. ४ आठवड्यांनी पहिल्या बाजूला झीज कमी. इथे तोंडात धरायचं यंत्रही निघालंय. पण ८,००० रुपयांत इकडे दात साफसुद्धा करून मिळत नाहीत.

गुडघेदुखी_गेली: मी तेच म्हणत होतो.

प्लास्टर_पुराण: १२ जणांवर कसला भरवसा? आईची नडगी मोडली तेव्हा असलंच यंत्र आणलं होतं. हाड जुळलं, पण हाडांचे डॉक्टर म्हणाले, तसंही जुळलंच असतं. हाडांसाठी अमेरिकेत १९९४ पासून मान्यता आहे, आणि २०१६ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात ५०१ जणांची चाचणी आली: नडगीत रॉड घातलेल्यांना खऱ्या आणि खोट्या यंत्रात काही फरक नाही.

दंतमंजन: +१. ओढ थांबली की झीज बहुधा थांबते. गेलेली लांबी मात्र परत येत नाही. पैसे पुढच्या एक्स-रेला ठेवा.

सदाशिव_पेठी: आणि माझ्या फटी?

नीलिमा_कोथरूड: आभार सगळ्यांचे. यंत्र घेत नाही, थांबतही नाही. तारा काढूनच टाकतेय. एक दात जरा तिरका राहील, राहू दे. नंतर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर बजेटमध्ये बसतोय.

गुडघेदुखी_गेली: माझं यंत्र कुणाला हवं असल्यास १२,००० ला देतो. व्यनि करा.