ॲनिमेशनचा प्रत्यक्ष अनुभव गोव्यात कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून घरीच टूडी ॲनिमेशन शिकतोय. सेकंदाला २४ फ्रेम, पण दर दोन फ्रेमना एकच चित्र ठेवतो, म्हणजे १२ चित्रं. वॉक सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी चालण्याची हालचाल, जमते. मात्र टाच टेकली की पाय जमिनीवरून घसरल्यासारखा दिसतो. चूक दाखवणारं जवळ कुणी नाही. स्टुडिओवाले अनुभव मागतात, आणि काम मिळाल्याशिवाय तो आणू कुठून? पणजी-म्हापशाकडे इंटर्न घेणारं कुणी माहीत आहे का? शिगम्याच्या चित्ररथांतल्या हलत्या मूर्ती करणाऱ्यांच्या हाताखाली राबायचीही तयारी आहे. वजन, तोल तिथे नीट कळेल असं वाटतं. बिनपगारी काम किती दिवस करावं? आणि शोरीलमध्ये, म्हणजे आपल्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या छोट्या व्हिडिओत, अर्धवट शॉट चालतात का?