कोस्टरसाठी जुनी सीडी आणि सुतळी

घरच्या घरी कोस्टर (ग्लास-कपाखाली ठेवायच्या चकत्या) करायचे म्हटलं की आइस्क्रीमच्या काड्यांचे सुचवले जातात. दिसतात छान, पण फटींतून पाणी टेबलावर उतरतंच. लहान मुलांसाठी मला सुतळीचे बरे वाटतात. जुनी सीडी घ्या (12 सेंमी, ग्लासाला बेताची). आधी पॉलिश पेपरने घासा, नाहीतर वाळल्यावर पांढरा गोंद पापुद्र्यासारखा निघतो. मधल्या भोकावर पुठ्ठ्याची चकती चिकटवून तिथूनच सुतळीचे वेढे सुरू करा. गोंद दोन-तीन वेढ्यांपुरताच लावत जायचा; एकदम फासला की सुतळीपेक्षा बोटंच जास्त चिकटतात! टोक तिरकं कापून आत दाबा, रात्रभर वाळू द्या. सुतळी पाणी शोषते, त्यामुळे गार सरबताच्या ग्लासाखाली झकास. चहाचे डाग मात्र पडणारच, कपांसाठी गडद लोकर घ्या.