ओमान, सात दिवस, सासूबाईंचे गुडघे आणि मधेच येणारा शुक्रवार: मदत हवी आहे

शेवंती_ठाणे

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओमानला चाललोय. मी, नवरा, सहावीतला मुलगा आणि ६९ वर्षांच्या सासूबाई. गुरुवारी पहाटे मस्कतला उतरतो, पुढच्या बुधवारी रात्री परत. तिकिटं काढून झालीत, त्यामुळे "त्यापेक्षा दुबईला जा ना" हा सल्ला कृपया नको. तो माहेर-सासर दोन्हीकडून मिळून झालाय.

मॉल आणि वाळूत गाडी उडवणं यात आम्हाला रस नाही. किल्ले, जुनी गावं, मशीद, बाजार, संग्रहालय एवढंच पाहायचंय. लेकाला इतिहासात हडप्पा संस्कृती आहे. सुमेरी लेखांतला 'मगन' म्हणजे आजच्या ओमानचाच भाग आणि तिथलं तांबं मेसोपोटेमियात जायचं, हे त्याने कुठेतरी वाचलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

मी ठरवलेलं असं: गुरुवारी आराम आणि मत्रा बाजार. शुक्रवारी सुलतान काबूस मशीद आणि राष्ट्रीय संग्रहालय. शनिवारी निझवा, रविवारी बहला, जबरीन आणि मिस्फा. सोमवारी विमानाने सलालाह, लोबानाची झाडं आणि समहरम बंदराचे अवशेष पाहून मंगळवारी परत. बुधवारी खरेदी. कागदावर बरं दिसतंय, पण कुठेतरी गडबड आहे असं मन सांगतंय.

अडचण सासूबाईंची. डावा गुडघा बदललाय, उजवा कुरकुरतो. सपाटीवर व्यवस्थित चालतात. मागल्या वर्षी रायगडावर रोपवेने नेलं तर होळीच्या माळापासून जगदीश्वरापर्यंत चालत गेल्या. पण उंच पायऱ्या उतरायच्या म्हटलं की घाम फुटतो, आणि "तुम्ही जाऊन या, मी बसते" म्हणतात. मला त्यांना प्रत्येक किल्ल्याच्या दाराशी बसवून ठेवायचं नाहीये. कुठला किल्ला त्यांच्यासाठी जमेल, कुठला सोडावा?

आणखी एक. ही सहल खरं तर त्यांच्यासाठीच आहे. सासरे ८१ ते ८६ मस्कतला बांधकामावर इलेक्ट्रिशियन होते. त्या कधीच गेल्या नाहीत, तेव्हा बायकामुलांना नेण्याची ऐपतच नव्हती. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. घरात त्यांचा तिकडचा एकच फोटो आहे: बेलबॉटम, समुद्राकडेचा रस्ता, मागे ओळीने पांढरी घरं, लाकडी गॅलऱ्यांची, आणि एका बाजूला खडकावर गोल बुरूज. मागे पेन्सिलीने 'मित्रा, दिवाळी ८३'. कुठल्या मित्राला पाठवायचा राहिला कोण जाणे. ही जागा कुणाला ओळखता येईल का? असेल अजून, तर त्यांना तिथे उभं करायचंय.

गाडी भाड्याने घ्यावी की चालकासह, हेही सांगा.

---

रुवीकर

ताई, मस्कतमध्ये १४ वर्षं आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. तुमची गडबड शुक्रवारची आहे. इथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. मोठी मशीद बिगरमुस्लिम पाहुण्यांसाठी शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ एवढीच उघडी. शुक्रवारी गेलात तर बाहेरून फोटो काढून परत. आणि निझव्याचा बकरी बाजार भरतो तो फक्त शुक्रवारी सकाळी, म्हणजे त्या वेळी तुम्ही मस्कतमध्ये आणि बाजार दीडशे किलोमीटरवर.

सरळ उलटं करा. गुरुवारी पहाटे उतरल्यावर नाश्ता करून थेट मशीद गाठा, ती विमानतळाच्या बाजूलाच पडते. तुम्ही आणि आई दोघींनी केस झाकायला ओढणी, पूर्ण बाह्या, घोट्यापर्यंत कपडे. आईंची नऊवारी असेल तरी हात आणि डोकं झाकायला शाल हवी. मशीद जवळपास सगळी सपाट आहे, त्यांना काही त्रास नाही. बांधकामाला तीन लाख टन दगड लागला तो आपल्या भारतातला वालुकाश्म. आतल्या गालिच्याचं वजन २१ टन, इराणातल्या ६०० बायकांनी चार वर्षं विणला. मग दुपारी निझव्याकडे निघा आणि मुक्काम तिथेच करा.

शुक्रवारी सातच्या आत बाजारात उभे राहा. गोल ओटा असतो, त्याच्याभोवती विकणारे बकऱ्या दोरीने ओढत फेऱ्या मारतात, गिऱ्हाईक आत आणि बाहेर दोन्हीकडे. चालत्या बकरीचं तोंड उघडून दात बघतात, पाठीवर बोटं दाबतात आणि भाव ओरडून ठरतो. आपल्या बैलबाजारासारखं रुमालाखाली बोटं धरणं नाही. नऊ-साडेनऊला सगळं आवरलेलं असतं. आईंना कडेच्या कट्ट्यावर बसवा, मधे उभं करू नका. एखादा बोकड उधळला की माणसं पडतात.

---

काटेकोर

सलालाह कापा. मस्कतपासून हजार किलोमीटर, विमानाने गेलात तरी दोन दिवस विमानतळांवरच जातील. लोबानाची भूमी २००० साली जागतिक वारसा यादीत गेली, पाहण्यासारखी आहेच. समहरमला तमिळ-ब्राह्मी अक्षरं कोरलेलं खापर सापडलंय, तुमच्या लेकाला आवडेल. पण ते पुढच्या खेपेला, पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर तिथे धुकं आणि हिरवळ असते, आपल्या कोकणासारखी.

मगनचं वेड असेल तर त्याला बहल्यावरून पुढे अल-ऐनला न्या. डोंगराच्या सोंडेवर ओळीने दगडी थडगी, मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातली. बात, अल-खुत्म आणि अल-ऐन मिळून १९८८ मध्ये वारसा यादीत गेलं. मागे जबल मिश्तचा सरळसोट कडा. आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं, चहावाला नव्हता, तासभर दुसरं माणूस दिसलं नाही. खालून, गाडीतूनही दिसतात. लेक आणि नवरा चढतील, तुम्ही आईंबरोबर खाली थर्मास उघडा.

---

वसईची_सून

किल्ल्यांचं मी सांगते, माझ्याही सासूबाई सोबत होत्या (७२, दोन्ही गुडघे).

निझवा: आतल्या अंगणातली दालनं सपाटीवर, ती आरामात होतात. मोठ्या गोल बुरुजाच्या पायऱ्या मात्र उंच, अरुंद आणि वळणाच्या. चढणाऱ्या शत्रूच्या डोक्यावर ओतायला वर भोकं ठेवलीत, त्यातून उकळता खजुराचा पाक ओतायचे. सासूबाई म्हणाल्या, "काकवी गं ती, केवढी नासाडी!" त्या खालीच थांबल्या. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी किल्ला बंद असतो, तेवढी वेळ पाहून जा.

बहला: १९८७ पासून वारसा यादीत, ओमानचं पहिलं नाव. बाहेरून बघताना तोंडात बोट जातं. आत मात्र उंचसखल मातीच्या भिंती, सावली कमी, माहिती त्याहून कमी. रस्त्यावरून फोटो काढा आणि पुढे चला. हे लिहिल्यावर इतिहासवाले मला मारतील.

जबरीन: इथे वेळ द्या. हा किल्ला कमी आणि राहता वाडा जास्त. सतराव्या शतकात इमाम बलअरब बिन सुलतान यांनी बांधला, त्यांची कबरही तिथेच. छतावरची रंगवलेली नक्षी मान दुखेपर्यंत बघत बसाल. तळमजल्यावर खजुराची खोली आहे, तिच्यापाशी पाच मिनिटं थांबा. जमिनीला पन्हळी काढल्यात. त्यांवर खजुराची पोती रचायची, वरच्या वजनाने खालच्यांतून रस पाझरायचा आणि उतरत उतरत भांड्यात जमायचा. आमच्या सासूबाईंनी खाली वाकून पन्हळीवरून बोट फिरवलं. गाईड बोलत राहिला, त्या तिथेच.

मिस्फा सुंदर, पण गाव म्हणजे नुसत्या पायऱ्या. गुडघ्यांसाठी नाहीच.

आणि परत आल्यावर जुन्या मस्कतच्या बंदरावरचे जलाली आणि मीरानी बघा, बाहेरूनही पुरेसे दिसतात. पोर्तुगिजांनी १५८० च्या दशकात उभे केले. वसई आणि मस्कत दोन्हीकडे तेच मालक. तिकडून ओमानींनी त्यांना १६५० मध्ये हाकललं, आमच्याकडून चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये.

---

संभाजीनगरकर

निझव्याजवळ फलज दारिस चुकवू नका. डोंगरातलं पाणी नुसत्या उतारावर, पंपाशिवाय, पाटाने गावात. असे पाच फलज २००६ मध्ये जागतिक वारसा ठरले. पाण्याची वाटणी वेळेवर होते, कुणाला किती घटका ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमच्या नहर-ए-अंबरीच्या गावाला हे बघून भरून येतं, आणि थोडी लाजही वाटते, कारण त्यांच्याकडे पाणी अजून खळखळतंय. सासूबाईंना पाय सोडून बसायला याहून चांगली जागा नाही.

---

प्रवासीपक्षी

गाडीचं: रस्ते उत्तम, पण गाडी उजव्या बाजूने चालते आणि वेग टिपणारे कॅमेरे भरपूर. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. गाडी हातात आली की चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, खालचा बंपरसुद्धा. आम्ही काढला नाही आणि परत देताना एका कंपनीने आधीच्याच ओरखड्याचे पैसे आमच्याकडून वळते केले. जबल अख्दरला जायचं मनात आलं तर फोर बाय फोरच लागते, पायथ्याच्या चौकीवरून पोलीस साधी गाडी परत पाठवतात.

रियाल दोनशे रुपयांच्या वर आहे, आणि एका रियालचे हजार बैसे. बैसा म्हणजे आपला पैसाच. १९७० पर्यंत तिथे रुपया चालायचा, त्याची ही उरलेली खूण.

---

रुवीकर

ताई, फोटोचं राहिलंच. तुम्ही केलेलं वर्णन वाचून मला खात्री वाटते, तरी फोटो टाका. दोन्ही बाजू.

---

शेवंती_ठाणे

टाकलाय. मोबाइलवर काढला, जरा चकाकतोय. मधे घडी पडली आहे, चाळीस वर्षं पाकिटात होता.

---

रुवीकर

हीच ती. मत्र्याचा किनाऱ्याचा रस्ता. ती घरं लवातिया लोकांची, मूळचे सिंधकडचे व्यापारी. मागे त्यांची जुनी कोटबंद वस्ती, तिच्या शेजारूनच बाजाराचं तोंड. वस्तीत बाहेरचे फारसे जात नाहीत, पण फोटो समोरच्या रस्त्यावरूनच काढलाय, त्यामुळे अडचण नाही. बुरूज मत्र्याच्या किल्ल्याचा. घरं आहेत, गॅलऱ्या आहेत, फक्त रस्ता रुंद झाला आणि कठडा नवा आलाय. समुद्रालगत सगळं सपाट, बसायला बाकडी आहेत. संध्याकाळी पाचनंतर न्या, उजेड चांगला असतो. मग बाजारात शिरा, शुक्रवार सोडून कधीही. आतला ओमानी हलवा चमच्याने खायचा असतो, वड्या पाडायला जाऊ नका.

आणि मागची अक्षरं पुन्हा बघा. 'मित्रा' नाही ते. म च्या आधीची वेलांटी शाईची किंवा पेन्सिलीची नाही, फोटोची घडी आहे. आम्ही सगळे इथे 'मत्रा'च म्हणतो.

---

शेवंती_ठाणे

भिंग घेऊन बघितलं. घडीच आहे. नवऱ्याने दोनदा बघितलं, मग सासूबाईंच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मलाच पाठवलेला," आणि फोटो घेऊन आत गेल्या.

बदललेला बेत: गुरुवारी मशीद आणि निझवा, शुक्रवारी बकरी बाजार आणि फलज, शनिवारी जबरीन, रविवारी अल-ऐन. सोमवारी परत मस्कत, मंगळवारी संग्रहालय आणि जलाली-मीरानी. सलालाह रद्द. शेवटचे दोन्ही मुक्काम मत्र्यातच घेतलेत, समुद्राकडची खोली, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट आहे असं फोनवर विचारून घेतलं.

एकच प्रश्न उरलाय. ८३ साली त्या रस्त्यावर फोटो काढणारे स्टुडिओवाले होते का, की कुणा सोबत्याने काढला असेल? सासूबाई सकाळपासून तेच विचारताहेत.